देव्हाऱ्यातले बंकट भावजी

४ जानेवारी, शनिवार

सगळ्यात आधी हजर झाली ती शेजारची मंजुळाबाई. पाहुण्यांची गाडी अजून फाट्यावर वळली नव्हती, तर ही बाई आमच्या ओसरीवर येऊन टेकली. हातात वाटी, साखर मागायचं निमित्त. वाटी उपडी धरलेली. मी म्हटलं, "साखर बुडावर न्यायचीय का?" तर म्हणते, "गोरा माणूस येतोय म्हणं तुमच्यात?" हिच्या चुलीवरचं दूध उतू गेलेलं हिला कळत नाही, पण आमच्याकडं कोण येणार ते आमच्या आधी कळतं. तिच्या मागून तिची सून आणि सुनेच्या मागून अख्खी वस्ती.

गाडीतून आधी आमची नात आरोही उतरली. ती त्यांना आणायला मांजरसुंब्यापर्यंत गेली होती. ओठाला रबडी लागलेली, म्हणजे धाब्यावर थांबूनच आले. मग उतरला गोरा म्हातारा. एकदम उतरला नाही, तुकड्या-तुकड्यानं उतरला. आधी पाय, मग गुडघे, मग लई वेळानं डोकं. त्याचं नाव वॉल्टर. शेवटी एक बाई उतरली. पंचेचाळिशीची असेल, केस कापलेले, पँट घातलेली, छातीशी कापडी पिशवी. सरळ माझ्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "मोठी माय, मी रतन. बंकटची लेक. यायला लई उशीर झाला बघा."

रतनबाई हे माझ्या सासूचं नाव. आणि बोलणंही सासूचंच! माझे डोळे भरले तर म्हणते, "कावून रडती?" आता आमची आरोहीसुद्धा 'कावून' म्हणत नाही, कॉलेजात पोरी हसतात म्हणून 'का' म्हणते. ही पोरगी कॅनडात जन्मली, बर्फात वाढली आणि साठ वर्षांपूर्वीची आमच्या वस्तीवरची बोली जशीच्या तशी तोंडात घेऊन आली. मंजुळाबाईच्या हातातली वाटी खाली पडली.

आरोही म्हणते, आजी, कोण कुणाचं ते लिहीत जा, नाहीतर पुढं वाचणाऱ्याला कळायचं नाही. तर बंकट भावजी म्हणजे माझे दीर, मालकांचे धाकटे भाऊ. मी तेरा वर्षांची या घरात आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. मेंढरांमागं आम्ही दोघंच जायचो. अठराव्या वर्षी त्यांचा पाय मोडला. मिशनच्या दवाखान्यात चार महिने पडून होते, तिथंच लिहायला-वाचायला शिकले, तिथंच रमले, ख्रिस्ती झाले आणि मग कुठल्या कुठं कॅनडाला गेले. तिकडं चर्चात पाद्री झाले आणि मनाच्या दुखण्यावर इलाज करणारेही झाले. गेल्या कार्तिकात वारले.

पिशवीत त्यांची राख आहे. निम्मी तिकडं पुरली, निम्मी इकडं आणली. भावजींनी जाताना लेकीला सांगितलं होतं, "डोंगरावर आपल्या पितरांचा वटा हाय. भावकी घेत असंल तर मला तिथं ठिव. न्हाई म्हणाले तर भांडू नको. गपचिप माघारी आण." वटा म्हणजे भावकीतल्या गेलेल्या माणसांचे दगड मांडलेला ओटा.

संगीतानं, माझ्या सुनेनं, ती पिशवी धान्याच्या कोठीवर ठेवली आणि तिच्यापुढं दिवा लावला. लावावा का नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या तानाजीनं मला कोपऱ्यात घेतलं. "आई, देव्हाऱ्याला कायतरी आडवं लाव." मी माझं जुनं लुगडं लावलं. का ते उद्या लिहीन, आज हात दुखला.

५ जानेवारी, रविवार

का ते आता लिहिते.

भावजी ख्रिस्ती झाल्याचं कळलं तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे आसाराम, तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "माझा पोरगा मेला." नुसतं म्हणून थांबले असते तर चाललं असतं. त्यांनी दहावा घातला. पिंड ठेवला, पुरुषांनी डोकी भादरली, भावकी जेवली. जिवंत माणसाचा दहावा! कावळा काही शिवेना. दुपार कलली तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. कावळ्याला जे कळलं ते आम्हाला कळलं नाही.

पुढच्या साली मेंढरं मरायला लागली. देवऋषी म्हणाला, तुमच्यातला तरणा गेलेला बसायला जागा मागतोय, त्याचा टाक करा. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर गेलेल्या माणसाची आकृती ठोकतात आणि देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत बसवतात. सोनारानं घोड्यावर बसलेला गडी ठोकून दिला. भावजी जन्मात घोड्यावर बसले नव्हते. पण मेंढरं मरायची थांबली. त्याच आठवड्यात पाऊसही पडला होता, ते निराळं.

तेव्हापासून पन्नास वर्षं मी रोज सकाळी त्यांना अंघोळ घालते. चिंचेनं घासते, हळद लावते, "उठा भावजी" म्हणते.

तानाजीला भीती वाटते, की पाद्रीबुवाला देव करून ठेवलं हे बघून पाहुणे रागावतील. आणि जिवंतपणीच टाक केला हे कळल्यावर रतनला काय वाटेल? माझी भीती निराळीच आहे. मी इकडं रोज गार पाण्यानं अंघोळ घालत होते, तर तिकडं बर्फात ते गारठत नसतील ना? हिवाळ्यात तरी कोमट पाणी घ्यायचं होतं. असलं कुणाला विचारणार?

आज भाकरी करताना रतन जवळ येऊन बसली. म्हणाली, "मोठी माय, बाबांनी लई वर्षांमागं एक चिठ्ठी धाडली हुती. मिळाली का तुमाला?"

मी म्हटलं, "न्हाई बाई."

भाकरी करपली.

६ जानेवारी, सोमवार

आज जे ऐकलं ते लिहायला माझी अक्षरं पुरायची नाहीत.

संगीतानं चहासाठी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. वॉल्टर उठला आणि दोन्ही खुर्च्या डोंगराकडं तोंड करून शेजारी शेजारी लावल्या. एकीवर तो बसला, दुसरीवर तानाजी. मग तो बोलायला लागला आणि रतन त्याचं मराठीत करून सांगायला लागली.

हा वॉल्टर ट्रक चालवायचा. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा गोठलेल्या नदीवर खेळताना बर्फातून खाली गेला. तेव्हापासून याची वाचाच बसली. बायको सोडून गेली. कुणीतरी याला भावजींकडं पाठवलं. भावजींच्या खोलीत दोन खुर्च्या, दोन्ही खिडकीकडं तोंड केलेल्या. हा दर गुरुवारी जायचा आणि बसायचा. भावजी शेजारी बसायचे. सात महिने हा एक शब्द बोलला नाही आणि भावजींनी एक प्रश्न विचारला नाही. सात महिने! मंजुळाबाईला नुसतं ऐकूनच धाप लागली. मग एका गुरुवारी खिडकीबाहेरून जंगली बदकांचा थवा गेला. वॉल्टर म्हणाला, "माझं पोरगं ही मोजायचं." भावजी म्हणाले, "कितीपर्यंत मोजायचं?" बस, एवढंच. तिथून या माणसाला वाचा फुटली.

रतन म्हणाली, "बाबा रविवारी चर्चात घंटाभर बोलायचे आन बाकी सहा दिवस ऐकायचे."

भावजी गेले तेव्हा चर्चात चारशे माणसं आली होती. तुरुंगातून सुटलेली, दारू सुटलेली, लेकरं गेलेली. भाषणं झाली नाहीत. सगळे एक तास खिडक्यांकडं बघत गप बसले आणि उठून गेले. चारशे माणसांचं दुःख या माणसानं पोटात ठेवलं आणि त्यातलं अक्षर बाहेर काढलं नाही, लेकीजवळसुद्धा नाही. आमच्या घरातला मेंढरांमागचा पोरगा! एवढं पोट त्यांनी कुठून आणलं असेल? मी तर कुणाचं काही ऐकलं की संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात ते आंबतं.

तिकडचे मोठमोठे डॉक्टर विचारायचे म्हणे, ही खुर्च्यांची पद्धत तुम्ही कुठं शिकलात? भावजी म्हणायचे, "माझ्या वैनीकडं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला लाजल्यासारखं झालं. मी कसली पद्धत शिकवणार? आम्ही आपले डोंगरावर दगडावर शेजारी शेजारी बसायचो. समोरासमोर बसलं तर मेंढरांकडं कोण बघणार? भावजींची चूकच झाली असणार. वय झालं की माणूस एकाचं नाव दुसऱ्याला लावतो.

८ जानेवारी, बुधवार

राधाकिशन भावजी आले. हे माझे चुलत दीर, भावकीत आता सगळ्यांत वडीलधारे. चहा घेतला, बशी पुसल्यासारखी साफ केली आणि मग म्हणाले, "वैनी, माणूस एकदाच मरतो. बंकट मेला त्याला बावन्न वर्षं झाली. दहाव्याला मी सोता डोकं भादरलं. आता परत कसा मरंल?"

तानाजी म्हणाला, "काका, ते तर कॅनडात जित्ते होते."

"कॅनडाचं कॅनडाला. आपल्यात मेला तो मेला. एका माणसाचं सुतक दोनदा धरायचं म्हटलं तर उद्या लोक लगीन बी दोनदा करतील."

"करत्यात की," मंजुळाबाई दारातून म्हणाली.

"तू साखर घे आन जा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शनिवारी भावकी बसंल. माझं मत आत्ताच सांगून ठिवतो. ख्रिस्ती माणसाची राख वट्यावर न्हाई."

रतन सगळं ऐकत होती. मला वाटलं आता ही उसळेल. तिनं फक्त विचारलं, "काका, अजून च्या टाकू का?" आणि त्यांनी घेतला! ते गेल्यावर तिनं कोठीवरची पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन बसली. माघारी जाणाऱ्या बाया लेकरू घेऊन एसटीची वाट बघतात, तशी. मला तिच्याकडं बघवेना.

९ जानेवारी, गुरुवार

तानाजी आष्टीच्या बाजारला गेला, म्हणून मेंढरं घेऊन मी निघाले. रतन बरोबर आली. डोंगराच्या उतारावर दोघी दगडावर बसलो. पोरगी लई अबोल. अर्धा तास झाला, मेंढरं पार नाल्यापर्यंत गेली, ही आपली त्यांच्याकडं बघतेय. मला गप बसणं जमत नाही. कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून मीच सुरू केलं. आधी गुडघ्याचं सांगितलं. मग सासूबाईंचं. मग कसं कोण जाणे, चिठ्ठीचं.

चिठ्ठी आली होती.

मामंजी वारल्यावर दुसऱ्या वर्षी आली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवली. दादा-वैनी, मी खुशाल आहे, लग्न झालं, एक मुलगी आहे. आणि शेवटी लिहिलं होतं, एकदा येऊ का?

मालक म्हणाले, "ते जित्ते हायत असं म्हटलं तर टाकाचं काय करायचं? टाक उठवला आन परत मेंढरं मेली तर?" मालक आता नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण मालक माझं ऐकायचे. मी एकदा "येऊ द्या" म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी म्हटलं नाही. मलाही मेंढरांची भीती वाटली. उत्तर गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाक घासायला घेतला आणि म्हटलं, उठा भावजी. चांदीचे भावजी घरात ठेवले आणि खऱ्यांना बाहेर ठेवलं. पस्तीस वर्षं.

हे सगळं मी मेंढरांकडं बघतच बोलले. तिच्याकडं बघून बोलले असते तर अर्ध्यातच थांबले असते.

रतन रागावली नाही, रडली नाही. तिनंही मेंढरांकडं बघतच विचारलं, "टाक म्हंजी काय, मोठी माय?"

मग तेही सांगितलं. दहावा, कावळा, सोनार, घोडा, रोजची अंघोळ. गार पाण्याचंही विचारलं, आता लपवायचं तरी काय उरलं होतं? तर ती हसायलाच लागली. "बाबा बर्फातबी गार पाण्यानंच अंघुळ करायचे. आई लई रागवायची." मी तिच्याकडं बघतच राहिले. देवा, तुझ्या करणीला काय म्हणावं!

ती म्हणाली, "दावशील का मला टाक?"

मी म्हटलं, "शनिवारी." शनिवारच का म्हटलं, माझं मलाच कळलं नाही.

घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या. फक्त पोरीचं वाईट वाटतं. तिला बिचारीला काही बोलायलाच मिळालं नाही, सगळा वेळ मीच बडबडले.

११ जानेवारी, शनिवार

अंगणात सतरंजी टाकली. भावकीतले अकरा जण आले. राधाकिशन भावजींनी बुधवारचंच सगळं पुन्हा सांगितलं, एकदाच मरतो, दहावा झाला, विषय संपला. बाकीच्यांनी माना हलवल्या. रतन भिंतीला टेकून बसली होती, पिशवी मांडीवर.

आमच्यात बाया बैठकीत बोलत नाहीत. मी आत गेले, लुगडं बाजूला केलं, टाक ताटलीत घेतला आणि बाहेर आले. तानाजीनं डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "भावजी, मामंजींनी घातलेला दहावा खरा का खोटा?"

"खरा."

"म्हंजी बंकट भावजी तवाच मेले?"

"तेच तर सांगतोय मी!"

"मग हे कोण?"

त्यांनी ताटलीत बघितलं. "बंकटचा टाक."

"दसऱ्याला यांच्यावर भंडारा कोण उधळतं?"

"मी."

"तुमच्या नातवाची लग्नपत्रिका आधी कुणाफुडं ठिवली?"

त्यांनी पटका सारखा केला. "टाकाफुडं."

"मग हे भावकीचे पितर झाले. पितराला वट्यावर जागा द्यायची का न्हाई, हे बसून ठरवायची रीत कवापासून आली? आन जर म्हणाल, तवा ते मेलेच न्हवते, तर दहावा खोटा. मग आत्ता वारले ते खरे, सुतक धरा आन वट्यावर न्या. दोन्हीतलं कोणतंबी एक घ्या. पर मेलेले म्हणून बी भाईर आन जित्ते म्हणून बी भाईर, हे चालायचं न्हाई. ते एकदा केलं मी. आता न्हाई करू देत."

एवढं सगळं मी बोलले? टाक ताटलीत वाजत होता.

राधाकिशन भावजींनी टाक उचलला, उन्हात धरला. "तोंड कुठं गेलं याचं?"

"पन्नास वर्षं घासतेय. झिजलं."

नाक नाही, डोळे नाहीत, घोडासुद्धा आता नुसता उंचवटा राहिलाय. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "दहाव्याला मला लई रडू येत हुतं, वैनी. आसारामकाका बघत हुते म्हणून रडलो न्हाई." आणि भावकीसमोर, पंचाहत्तराव्या वर्षी, रडले. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी डोंगराकडं बघितलं.

मग पटक्यानं डोळे पुसून म्हणाले, "न्या वट्यावर. पर तीन दिस सुतक धरायचं. मी परत डोकं भादरणार. पहिल्यांदा काकाच्या भ्यानं भादरलं, आता माझ्या मनानं."

"डोक्यावर भादरायला हाय काय?" मंजुळाबाई म्हणाली. अख्खी भावकी हसली, तेही हसले.

रतननं टाक तळहातावर घेतला. म्हणाली, "बाबा म्हणायचे, तिकडं माझं नाव घेणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाई." मला काही बोलता आलं नाही. मला!

टाक पुन्हा जागेवर ठेवला. आरोहीनं वॉल्टरला सगळं समजावलं. तो वाकून घरात आला आणि देव्हाऱ्यापाशी बसला. पण समोर नाही, शेजारी बसला, भिंतीला पाठ लावून, देव जिकडं बघतात तिकडं बघत. दाराबाहेरचा डोंगर दिसत होता. तासभर बसला. देवापुढं कसं बसायचं ते त्याला कुणी शिकवलं नसणार. पण कुणी टोकलं नाही. संगीतानं चहा तिथंच नेऊन दिला.

१२ जानेवारी, रविवार

भावजींना वट्यावर नेलं. त्यांच्या नावाचा दगड वॉल्टरनं एकट्यानं डोंगरावर चढवला, कुणाला हात लावू दिला नाही. खड्डा राधाकिशन भावजींनी खणला. रतननं राख ठेवली, तिच्या धर्माची प्रार्थना म्हटली, मग आम्ही भंडारा वाहिला. काय आधी आणि काय नंतर, यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. सासूबाईंच्या दगडाला लागूनच त्यांचा दगड आला. मुद्दाम तिथं ठेवला नव्हता, तेवढीच जागा रिकामी होती.

मग सगळे गप बसलो. मीसुद्धा. खाली मेंढरं चरत होती. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. जन्मभर या डोंगरावर आले, पण तो एवढा मोठा आहे हे आज दिसलं.

१४ जानेवारी, मंगळवार

सुतक काल फिटलं, म्हणून आज संक्रांतीचा तिळगूळ झाला. पाहुणे दुपारी निघाले. वस्ती पुन्हा सगळी गोळा, पण आज मंजुळाबाई वाटी न आणता आली.

मी रतनला म्हटलं, "माणूस गेल्यावरची पहिली आखिती, म्हंजी अक्षय्य तृतीया, मोठी असती. पितराच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठिवायची, पुरणाचं जेवण घालायचं. टाकाला अंघोळ मी घालीन. पर घागर रक्तातल्या माणसानं भरावी लागती."

रतननं राधाकिशन भावजींकडं बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडं काय बघती? पोरगा न्हाई तर लेक भरंल. बंकटची घागर हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई."

वॉल्टरनं काहीतरी विचारलं. आरोही म्हणाली, "मी पण आलो तर चालंल का, असं विचारतायत."

"म्हणावं, खाट लांब करून ठिवतो," राधाकिशन भावजी म्हणाले.

रतन गाडीत बसली. मांडी मोकळी होती, म्हणून तिथं मी तिळगुळाचा डबा ठेवला. म्हणाली, "येतो म्हंजी येतोच, मोठी माय."

आरोहीनं कॅलेंडर बघून सांगितलं. आखिती ३० एप्रिलला आहे, बुधवारी.